डोप केलेल्या पदार्थांत अतिसंवाहकता आणि भारघनता लहर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायकॅल्कोजेनाइड (धातू आणि गंधक किंवा सेलेनियम यांचे थरदार पदार्थ), क्युप्रेट (तांब्याची थरदार ऑक्साइडे) किंवा कागोमे धातूंवर (अणू त्रिकोणांच्या जाळीत असलेले) काम सुरू करणाऱ्यांना हमखास पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घनअवस्था भौतिकीचा पदव्युत्तर पातळीचा अभ्यास झाला आहे असे धरले आहे. भारघनता लहरीला प्रयोगशाळेत सगळे सीडीडब्ल्यूच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरले आहे. अतिसंवाहक होण्याचे तापमान म्हणजे टीसी.

सीडीडब्ल्यू म्हणजे नेमके काय?

साध्या धातूत इलेक्ट्रॉनांची घनता प्रत्येक एकक पेशीत सारखीच असते. काही धातू थंड केले की ही समानता मोडते. घनता ठरावीक अंतराने कमी-जास्त होऊ लागते, तिच्यामागोमाग अणूही जागचे किंचित सरकतात आणि जालकावर एक नवा, मोठा आवर्त बसतो. २एच-नायोबियम डायसेलेनाइडमध्ये (२एच, १टी ही थरांच्या रचनेची नावे) हे ३३ केल्विनच्या आसपास होते आणि आवर्त जवळजवळ तीन पेशींचा असतो. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की तो जालकाशी नेमका जुळत नाही. १टी-टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये सुमारे २०० केल्विनला तिन्ही दिशांनी पेशी दुप्पट होते. तिथे टायटॅनियमचा अणू सुमारे ०.०८५ अँगस्ट्रॉम सरकतो आणि जालकाची बाजू ३.५४ अँगस्ट्रॉम असते. म्हणजे हालचाल अगदी थोडी, पण रोधकतेत तिचा परिणाम डोळ्यांत भरण्याइतका मोठा.

फर्मी पृष्ठाच्या ज्या भागांना हा नवा आवर्त जोडतो तिथे ऊर्जेत फट पडते. उरलेले पृष्ठ धातूसारखेच राहते.

याचे कारण फर्मी पृष्ठाचे नेस्टिंगच ना?

नेस्टिंग म्हणजे फर्मी पृष्ठाचे मोठे भाग एकाच तरंगसदिशाने एकमेकांवर बसणे. एकमितीय साखळीत होय. अशी साखळी आपोआप विकृत होऊन फट पाडते हा पायर्ल्सचा युक्तिवाद तिथे लख्ख लागू पडतो. थर असलेल्या पदार्थांत मात्र हे उत्तर फार सवयीने दिले जाते. २एच-नायोबियम डायसेलेनाइडच्या फर्मी पृष्ठाचे गणित मांडले, तर प्रत्यक्ष सीडीडब्ल्यूच्या तरंगसदिशावर नेस्टिंगचे ठळक शिखर येत नाही. इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणी तरंगसदिशानुसार बदलते आणि त्याच जागी ती जोरदार असते, हे स्पष्टीकरण तिथे जास्त टिकते. टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन-होल जोड्यांचा, म्हणजे एक्सायटॉनांचा, वाटा किती आणि जालकाचा किती, यावर वाद चालू आहे. आपल्या प्रबंधात ‘नेस्टिंगमुळे’ हा शब्द लिहिण्याआधी त्या पदार्थाची गणिते पाहून घ्यावीत.

अतिसंवाहकतेशी याचे वैर का?

दोघींनाही फर्मी पातळीजवळचे इलेक्ट्रॉन हवे असतात. सीडीडब्ल्यूने त्यातले काही अडकवले की कूपर जोड्यांसाठी अवस्थांची घनता कमी पडते. आणि टीसी या घनतेवर घातांकी रीतीने अवलंबून असते. बीसीएसच्या, म्हणजे अतिसंवाहकतेच्या मूळ सिद्धांताच्या, सूत्रात घनता आणि आकर्षण यांचा गुणाकार ०.३० धरला तर घातांकी पद ०.०३५७ येते. घनता फक्त १० टक्के कमी केली, म्हणजे गुणाकार ०.२७ झाला, तर तेच पद ०.०२४६ होते. फर्मी पृष्ठाचा दहावा हिस्सा गेला आणि टीसी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घसरली.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. दोघींचा उगम बहुधा एकाच इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीत असतो. ज्या पदार्थात ही जोडणी कमकुवत, तिथे सीडीडब्ल्यूही नाही आणि चांगली टीसीही नाही. त्यामुळे सीडीडब्ल्यू असलेला पदार्थ अतिसंवाहकता शोधायला वाईट जागा नव्हे. उलट तिथेच शोधावे.

मग दोघी एकाच नमुन्यात एकाच वेळी राहू शकतात का?

राहू शकतात, आणि अनेकदा राहतात. २एच-नायोबियम डायसेलेनाइड ३३ केल्विनला सीडीडब्ल्यू अवस्थेत जाते आणि ती न सोडता ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते, कारण सीडीडब्ल्यूची फट फर्मी पृष्ठाच्या लहानशा भागावरच पडते. त्याच कुळातल्या २एच-टँटलम डायसल्फाइडमध्ये सीडीडब्ल्यू ७५ केल्विनला येते आणि टीसी ०.८ केल्विनच्या आसपास राहते.

गिन्झबर्ग-लँडाऊच्या भाषेत दोन्ही क्रमप्राचलांच्या (अवस्था किती बळकट आहे ते सांगणाऱ्या राशींच्या) वर्गांचा गुणाकार असलेले एक पद मुक्त ऊर्जेत येते. त्याचा गुणांक धन असेल तर स्पर्धा. चतुर्थघाती पदे निम्म्या गुणांकासह लिहिली, तर या परस्पर-गुणांकाचा वर्ग त्या दोन चतुर्थघाती गुणांकांच्या गुणाकारापेक्षा कमी असेपर्यंत सहअस्तित्व शक्य असते. त्याहून जास्त झाला की पदार्थ एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उडी मारतो आणि मधल्या भागात दोन्हींचे वेगवेगळे तुकडे दिसतात. सहअस्तित्व आहे असे सांगताना हे तुकड्यांचे मिश्रण तर नाही ना, हे तपासावेच लागते. त्याबद्दल खाली.

डोपिंगने सीडीडब्ल्यू मरते आणि टीसी वाढते. म्हणजे स्पर्धा सिद्ध झाली का?

नाही. या विषयातला सगळ्यात जास्त आढळणारा घाईचा निष्कर्ष हाच. डोपिंग, म्हणजे परके अणू मिसळणे, एकाच वेळी तीन गोष्टी करते: वाहकांची संख्या बदलते, अव्यवस्था वाढवते आणि जालक ताणते किंवा दाबते. तिन्हींमुळे सीडीडब्ल्यू कमकुवत होऊ शकते आणि तिन्हींचा टीसीवर वेगळा परिणाम होतो. समजा तांबे थरांमध्ये घुसवल्यावर टीसी वाढली. ती सीडीडब्ल्यू हटल्यामुळे वाढली, की नव्या इलेक्ट्रॉनांमुळे अवस्थांची घनता मुळातच वाढली म्हणून? एकाच आलेखावरून हे कळत नाही.

तिन्ही सुटे करायला तीन वेगळी हत्यारे लागतात. फक्त अव्यवस्था हवी असेल तर इलेक्ट्रॉनांचा मारा: २एच-नायोबियम डायसेलेनाइडवर २.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले तेव्हा सीडीडब्ल्यू ढासळत असताना टीसी आधी किंचित वाढली आणि मग घसरली. चुंबकीय नसलेली अव्यवस्था साध्या एस-तरंग (सर्व दिशांना एकाच चिन्हाची फट असलेल्या) अतिसंवाहकाची टीसी फारशी पाडत नाही, पण लांब पल्ल्याची सीडीडब्ल्यू मात्र चटकन मोडते. म्हणून ती सुरुवातीची वाढ स्पर्धेचा बऱ्यापैकी स्वच्छ पुरावा ठरते. फक्त जालक बदलायचे असेल तर दाब. फक्त वाहक बदलायचे असतील तर पातळ चकतीवर आयनिक द्रवाचे गेट, म्हणजे व्होल्टेज देऊन वाहक ओढणारा विद्युतअग्र. टायटॅनियम डायसेलेनाइडवर डोपिंग, दाब आणि गेट हे प्रकार झाले आहेत आणि त्यांची उत्तरे एकसारखी येत नाहीत. खरी माहिती त्या फरकातच आहे.

तांबे आणि टायटॅनियम डायसेलेनाइड यांचे अवस्थाचित्र कसे आहे?

२००६ मध्ये मोरोसान, कावा आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. तांबे थरांच्या मधल्या पोकळीत बसते आणि साधारण एक इलेक्ट्रॉन देते. तांब्याचे प्रमाण, म्हणजे क्ष, वाढवत नेले की सीडीडब्ल्यूचे तापमान उतरत जाते. क्ष ०.०४ च्या आसपास अतिसंवाहकता सुरू होते, ०.०६ च्या पुढे सीडीडब्ल्यूची खूण रोधकतेत दिसेनाशी होते आणि ०.०८ ला टीसी ४.१५ केल्विनच्या शिखरावर पोचते. ०.११ च्या जवळ तांबे मावण्याची मर्यादा येते. त्यापुढे वजन कितीही घाला, ते थरांत जात नाही. बाजूला तांब्याचे सेलेनाइड तयार होते.

क्ष = ०.०८ चा २ ग्रॅम नमुना करायचा तर किती काय घ्यावे?

टायटॅनियम ४५३.९ मिलिग्रॅम, सेलेनियम १४९७.८ मिलिग्रॅम, तांबे ४८.२ मिलिग्रॅम. तांब्यात १ मिलिग्रॅमची चूक झाली तर क्ष ०.००१७ ने सरकतो, ते चालण्यासारखे आहे.

जीव अडकतो तो सेलेनियमपाशी. समजा १ टक्का, म्हणजे १५ मिलिग्रॅम सेलेनियम नळीच्या भिंतीवर किंवा पंपात गेले. मग प्रत्येक सूत्र-एककामागे सुमारे ०.०१ टायटॅनियम जास्त होते आणि ते स्वतःच थरांच्या मध्ये जाऊन बसते. तांबे एक इलेक्ट्रॉन देते, तर असे टायटॅनियम चारपर्यंत देऊ शकते. म्हणजे न मोजलेले ०.०४ इलेक्ट्रॉन आले, आपण घातलेल्या तांब्याच्या निम्मे! एकाच क्षवर दोन गटांची अवस्थाचित्रे जुळत नाहीत तेव्हा संशयित म्हणून आधी हेच पाहावे.

पद्धत अशी. धातूंच्या भुकट्या निष्क्रिय वायूच्या पेटीत तोलाव्यात. टायटॅनियमची बारीक भुकटी हवेत पृष्ठभागावर ऑक्साइड धरते. मिश्रण क्वार्ट्झच्या नळीत भरावे, निर्वात करून नळी वितळवून बंद करावी. पंप चालू असताना भुकटी उडू नये म्हणून झडप हळू उघडावी. तापवणे सावकाश: सेलेनियम २२१ अंश सेल्सिअसला वितळते, ६८५ ला उकळते आणि धातूशी त्याची अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. नळी थेट ६५० अंशांच्या भट्टीत सरकवली तर अभिक्रिया न झालेल्या सेलेनियमची वाफ ती फोडू शकते. आधी ३५० अंशांच्या आसपास थांबावे, सेलेनियम धातूत मुरू द्यावे, मग ६५० पर्यंत जावे. थंड झाल्यावर पुन्हा दळून, गोळी दाबून, परत बंद नळीत ६५० अंशांना ठेवावे. हे दुसरे दळण टाळले तर तांबे एकसारखे पसरत नाही आणि अतिसंवाहक संक्रमण पसरट येते. नळी फोडायची ती फ्यूम हूडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून.

एकस्फटिक वाढवताना वेगळे काय सांभाळायचे?

आयोडीन वापरून बाष्पवहन, म्हणजे पदार्थ वाफेतून नळीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तिथे स्फटिक वाढवणे, हा नेहमीचा मार्ग. नळीच्या दर घनसेंटिमीटरमागे काही मिलिग्रॅम आयोडीन पुरते. तापमान मात्र काटेकोर निवडावे. टायटॅनियम डायसेलेनाइड ६०० अंशांच्या आसपास वाढवले तर घटकांचे प्रमाण नेमके राहते. ९०० च्या जवळ स्फटिक मोठे आणि देखणे मिळतात, पण त्यांत टायटॅनियम जास्त असते आणि सीडीडब्ल्यू फिकी पडते. चकाकीला भुलू नये. परीक्षा सोपी आहे: रोधकतेच्या उंचवट्याचे शिखर आणि खोलीच्या तापमानाची रोधकता यांचे गुणोत्तर ३ ते ४ आले तर स्फटिक चांगला.

टँटलम डायसल्फाइडमध्ये प्रश्न बहुरूपतेचा, म्हणजे एकाच पदार्थाच्या अनेक रचनांचा. १टी रूप उच्च तापमानाचे असल्याने नळी भट्टीतून काढून झटकन थंड करावी लागते; सावकाश थंड केली तर २एच मिळते किंवा दोन्हींची सरमिसळ होते.

सीडीडब्ल्यूचे तापमान रोधकतेवरून कसे वाचावे?

उंचवट्याच्या शिखरावरून वाचू नये. टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये शिखर १६५ केल्विनच्या जवळपास येते, संक्रमण मात्र २०० च्या आसपास असते. तापमानानुसार अवकलज काढावा आणि त्याचा तीव्र बिंदू घ्यावा. २एच-नायोबियम डायसेलेनाइडमध्ये ३३ केल्विनची खूण जेमतेम वाकण्याएवढी असते. स्फटिक जरा मळका असला की तीही जाते. थंड करताना आणि गरम करताना असे दोन्ही आलेख घ्यावेत. १टी-टँटलम डायसल्फाइडमध्ये जालकाशी जुळणारी अवस्था थंड करताना १८० केल्विनला येते आणि गरम करताना २२० पर्यंत टिकते. एकाच दिशेने मोजले तर अर्धी गोष्ट सुटते.

आणि खूण दिसली नाही म्हणून सीडीडब्ल्यू संपली असेही समजू नये. रोधकतेला लांब पल्ल्याची शिस्त कळते, तुकड्यातुकड्यांची कळत नाही. तांबे घातलेल्या टायटॅनियम डायसेलेनाइडवर एसटीएमने (पृष्ठावरचे अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) पाहिले तेव्हा अतिसंवाहक प्रमाणांतही सीडीडब्ल्यूचे लहान लहान प्रदेश आणि त्यांच्यामधल्या भिंती दिसल्या. क्ष-किरण विकिरणात अशा वेळी अतिजालकाचा ठिपका नाहीसा होत नाही, रुंद होतो. शिखराच्या अर्ध्या उंचीवरील अर्ध्या रुंदीचा व्यस्त घेतला की सहसंबंध-लांबी मिळते, आणि प्रत्येक नमुन्यासाठी ती द्यावी.

रोधकता शून्य झाली. आता अतिसंवाहक म्हणायला हरकत नाही ना?

आहे. रोधकता शून्य व्हायला एक अखंड धागा पुरतो. बाकी सगळा नमुना सामान्य असला तरी चालतो. आधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत: इंडियम ३.४ केल्विन, कथील ३.७, टँटलम ४.५, शिसे ७.२, नायोबियम ९.२. इंडियमचे जोड किंवा कथिलाचे सोल्डर वापरले असेल तर ३.४ किंवा ३.७ ला पडणारी पायरी नमुन्याची असेलच असे नाही. शिशाचे सोल्डर तर नायोबियम डायसेलेनाइडच्या टीसीवरच येऊन बसते. आणि तांबे घातलेल्या टँटलम डायसल्फाइडची टीसी ४.५ च्या आसपास सांगितली जाते तेव्हा अभिक्रियेतून उरलेले मोकळे टँटलम नाही ना, हे आधी बघावे लागते. चांदीची पेस्ट किंवा सोन्याच्या तारा वापरल्या की निम्मी कटकट मिटते.

त्यानंतर चुंबकन. क्षेत्राविना थंड करून १० ओर्स्टेडच्या आसपासचे क्षेत्र लावावे. स्फटिक पातळ चकती असेल तर क्षेत्र चकतीला समांतर ठेवावे. लंब ठेवले तर विचुंबकन गुणांक (नमुन्याच्या आकारामुळे आतले क्षेत्र किती बदलते त्याचे माप) १ च्या जवळ जातो, प्रतिचुंबकत्व कैक पटींनी फुगून दिसते आणि १०० टक्क्यांहून कितीतरी जास्त ‘अतिसंवाहक आकारमान’ निघते. शिवाय बाहेरचे कवच अतिसंवाहक असले तरी ते आतल्या सामान्य भागाला झाकते. खरा निवाडा विशिष्ट उष्म्याचा: टीसीवरची उडी भागिले सामान्य अवस्थेचा इलेक्ट्रॉनी हिस्सा. दुर्बल जोडणीच्या बीसीएसमध्ये हे १.४३ येते. ०.३ आले आणि अगदी कमी तापमानाला उष्म्याचा रेषीय हिस्सा शिल्लक राहिला, तर नमुन्याचा मोठा भाग सामान्यच आहे असा संशय घ्यावा. सहअस्तित्व की तुकडे, हा वरचा प्रश्न बहुतेक वेळा इथेच सुटतो.

सीडीडब्ल्यू संपते तिथेच टीसीचा घुमट असतो. म्हणजे क्वांटम क्रांतिक बिंदू?

घुमट म्हणजे प्रमाण किंवा दाब बदलताना टीसी वर जाऊन पुन्हा खाली येणे; क्वांटम क्रांतिक बिंदू म्हणजे शून्य केल्विनला एखादी अवस्था संपण्याची जागा. दोन्ही एकच असे म्हणण्याचा मोह होतो. टायटॅनियम डायसेलेनाइडने तो चांगलाच उतरवला आहे. नुसत्या दाबाखाली तिथे साधारण २ ते ४ गिगापास्कलमध्ये अतिसंवाहकता येते आणि टीसी १.८ केल्विनपर्यंत जाते. पण क्ष-किरणांनी मोजल्यावर सीडीडब्ल्यू पूर्ण संपण्याचा बिंदू ५.१ गिगापास्कलला सापडला, म्हणजे घुमटाच्या बाहेर. घुमटाशी जुळले ते वेगळेच: सीडीडब्ल्यू जालकाशी जुळेनाशी होणे आणि तिच्यात प्रदेश-भिंती पडणे. तांबे घातलेल्या नमुन्यांतही अतिसंवाहकता सुरू होते त्याच प्रमाणांच्या आसपास अशी बेजोड अवस्था दिसते. भिंतींवर सीडीडब्ल्यू दबलेली असते, तेव्हा अतिसंवाहकता तिथे आधी रुजत असावी हा तर्क सयुक्तिक वाटतो; तरी तो अजून तर्कच आहे.

क्युप्रेटमध्ये १/८ चे काय गौडबंगाल आहे?

लँथॅनम-बेरियम-तांबे ऑक्साइडमध्ये बेरियमचे प्रमाण ०.१२५ झाले की टीसी सुमारे ३० केल्विनवरून ४ च्या आसपास कोसळते आणि प्रमाण थोडे पुढे नेले की पुन्हा वर येते. त्या प्रमाणाला भार आणि स्पिन पट्ट्यांत बसतात. निओडिमियम मिसळलेल्या भावंडात ट्रँक्वाडा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये न्यूट्रॉनांनी हे दाखवले. पट्ट्यांना खिळवून ठेवण्याचे काम कमी तापमानाची चौकोनी जालकरचना करते.

गंमत पुढे आहे. १/८ च्या नमुन्यात टीसी पडली तरी एकेका थरात अतिसंवाहकतेची चिन्हे ४० केल्विनपासून दिसतात. थर एकमेकांशी जुळत नाहीत एवढेच. यातून जोड-घनता लहरीची कल्पना पुढे आली: अतिसंवाहक क्रमप्राचलच अवकाशात चिन्ह बदलत जाते, आणि शेजारच्या थरांतल्या पट्ट्या काटकोनात असल्याने जोसेफसन जोडणी रद्द होते. इथे ‘स्पर्धा’ हा शब्द अपुरा पडतो.

बिस्मथेट आणि कागोमे धातू याच गटातले का?

बेरियम बिस्मथेट, म्हणजे बेरियम-बिस्मथ ऑक्साइड, हे टोकाचे उदाहरण. त्याची सीडीडब्ल्यू इतकी जोरदार की पदार्थ चक्क विद्युतरोधक. पोटॅशियम सुमारे ०.४ पर्यंत घातले की टीसी ३० केल्विनच्या आसपास जाते, आणि ती सर्वाधिक असते रोधक अवस्थेच्या अगदी काठावर.

सीझियम-व्हॅनेडियम-अँटिमनी कागोमे धातूत सीडीडब्ल्यू ९४ केल्विनला आणि टीसी २.५ केल्विन. सुमारे २ गिगापास्कल दाबाला सीडीडब्ल्यू संपते आणि टीसी ८ केल्विनपर्यंत चढते, पण वाटेत एक घुमट, मग खळगा, मग दुसरा घुमट लागतो. अँटिमनीच्या जागी थोडे कथील घातले तरी दोन घुमट येतात. सीडीडब्ल्यू आहे की नाही एवढे विचारून हे सुटत नाही. ती कोणत्या रचनेची आहे, हे दाबाच्या प्रत्येक टप्प्यावर पाहावे लागते. कथील घातलेल्या नमुन्यात मोकळे कथील उरले का, हा ३.७ केल्विनचा प्रश्न इथेही विसरू नये.

नमुना न बदलता स्पर्धा थेट तपासता येते का?

येते, आणि शक्य असेल तिथे हेच करावे. चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकता दाबते. सीडीडब्ल्यूवर त्याचा थेट परिणाम सहसा नगण्य असतो. रसायन, अव्यवस्था, जालक सगळे जागच्या जागी राहते. ६७ केल्विन टीसी असलेल्या यिट्रियम-बेरियम क्युप्रेटवर २०१२ मध्ये हे झाले. सीडीडब्ल्यूचा ठिपका १३५ केल्विनच्या आसपासपासून वाढत येतो, टीसीला सर्वात तेज असतो आणि खाली फिका होत जातो. क्षेत्र लावले की टीसीखालचे हे फिके पडणे थांबते आणि तेज वाढते. टीसीच्या वर क्षेत्राने काही फरक पडत नाही. दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे, त्यामुळे टीसीच्या वरचे मोजमाप वगळू नये.

मात्र उत्तर ‘काही बदल नाही’ असे आले तर त्यावरून स्पर्धा नाही असे ठरत नाही. लँथॅनम-बेरियम क्युप्रेटमध्ये ०.०९५ प्रमाणाला क्षेत्राने भारपट्ट्या बळावतात, ०.१२५ ला जवळजवळ हलत नाहीत. तिथे पट्ट्या आधीच भरात असतात आणि दाबायला त्रिमितीय अतिसंवाहकता फारशी उरलेलीच नसते.